संचालकसाहेब, तुमचा वॉर्ड कुठे आहे?

प्रति,
मा. संचालक,
बसस्थानकासमोरच्या व्यापारी संकुलात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांत चालणारं ‘नर्सिंग कॉलेज’.

संचालकसाहेब,

तुमचं नाव या पत्रात मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर तालुक्यातालुक्यांत तुमच्यासारखेच जे बाकीचे दुकान मांडून बसले आहेत ते म्हणतील, ‘हे आपल्याबद्दल नाही’, आणि नव्या बॅचची जाहिरात रिक्षांच्या पाठीवर चिकटवायला मोकळे होतील. पत्र त्यांनाही आहे. पण आधी तुम्ही वाचा, कारण तुमच्याकडून निघालेल्या मुली हातात तुमचं प्रमाणपत्र घेऊन माझ्या घरी येतात आणि विचारतात, ‘मॅडम, हे चालेल का?’

मी आयुष्यभर परिचर्या केली आणि शिकवली. शासकीय रुग्णालयात आधी अधिपरिचारिका होते, पुढे पाठ्यनिर्देशिका झाले. मुली ‘ट्यूटर मॅडम’ म्हणायच्या. आता निवृत्त आहे, पण अमुक कॉलेज खरं की खोटं हे विचारायला आजही आई-बाप गावाहून येतात. तुमचं माहितीपत्रक मला त्यांच्याकडूनच मिळालं. मी ते ओळ न ओळ वाचलं. तुम्ही प्रवेश देताना विद्यार्थिनींची गुणपत्रिकाही इतकी नीट वाचत नसाल.

मागच्या पानावर तुम्ही मान्यतांची रांग लावली आहे. पहिलीच आहे ‘आयएसओ ९००१ प्रमाणित’. हे प्रमाणपत्र कामकाजाच्या व्यवस्थेला मिळतं. बिस्किटांच्या कारखान्याला मिळतं, वाहतूक कंपनीलाही मिळतं. तुमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुलगी रुग्णाच्या शिरेत सुई घालायला लायक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरी, ‘नीती आयोग नोंदणीकृत’. स्वयंसेवी संस्थांची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून आयोगानं दर्पण नावाचं संकेतस्थळ केलं आहे. तिथे संस्था आपली नोंद करते आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता आहे, असं आयोग कुठेही म्हणत नाही, फक्त तुम्ही म्हणता. तिसरी, ‘उद्यम नोंदणी, भारत सरकार’. ही लघुउद्योगांची नोंदणी ऑनलाइन, फुकट आणि स्वतःच्या घोषणेवर होते. पिठाच्या गिरणीकडेही ती असते. चौथी, ‘संस्था नोंदणी अधिनियम १८६०’. त्या कायद्याखाली भजनी मंडळही नोंदवता येतं. या चारही ओळींत एकही शब्द खोटा नाही. तुम्ही निर्बुद्ध आहात असं मी कधीच म्हणणार नाही. खोटं न लिहिता बापाला फसवता येईल अशी ओळ रचायला डोकं लागतं, आणि ते डोकं तुम्ही या कामाला जुंपलं आहे.

ज्या नावांची खरोखर गरज आहे ती मात्र पत्रकावर कुठेच नाहीत. ‘महाराष्ट्र परिचर्या परिषद’ नाही. एएनएम आणि जीएनएम या अभ्यासक्रमांच्या परीक्षा घेणारं ‘महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ’ नाही. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी देणारं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाही. हा विसर कसा पडला साहेब? आयएसओ आठवलं, गिरणीवाल्याची नोंदणी आठवली, आणि ज्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज या राज्यात कुणी परिचारिका म्हणून उभी राहू शकत नाही, तेवढी परिषद राहून गेली?

आता माझा मुख्य प्रश्न. तुमचा वॉर्ड कुठे आहे?

तुमच्या दोन खोल्या मी पाहिल्या आहेत. एका बापासोबत काकू म्हणून आले होते, तुमच्या समुपदेशक मुलीनं मला पाणीही दिलं. एका खोलीत फळा आणि बाकडी. दुसरीत एक लोखंडी कॉट, तिच्यावर प्लास्टिकचा पुतळा, भिंतीला मानवी सांगाड्याचं चित्र, कपाटात चार-दोन रक्तदाबमापक. त्या पुतळ्याला कधी उलटी झाली नाही. तो कधी रात्री दोन वाजता ‘माझ्या आईला बोलवा’ म्हणून रडला नाही. त्याची शीर कधी फुटली नाही. त्याच्यावर शिकून मुली तयार होत असतील, तर मी आणि माझ्यासारख्या शेकडो पाठ्यनिर्देशिका पहाटेपासून वॉर्डात मुलींच्या मागे का उभ्या राहत होतो?

परिचर्येचं शिक्षण रुग्णाच्या खाटेशी होतं. म्हणूनच एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बी.एस्सी.ला चार. ही वर्षं कुणा अधिकाऱ्याच्या लहरीनं ठरलेली नाहीत. मुलीनं औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण असे विभाग फिरायचे, तिन्ही पाळ्या करायच्या, गावात आरोग्य केंद्रावर राहायचं, ठरलेल्या संख्येनं बाळंतपणं शिक्षिकेच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं करायची आणि प्रत्येकाखाली सही घ्यायची, यात ती वर्षं जातात. तुम्ही ‘सहा महिन्यांत नर्स’ म्हणता तेव्हा यातलं नेमकं काय गाळता ते पालकांना एकदा सांगा. बाळंतपण गाळता? लहान मुलांचा वॉर्ड गाळता? की सगळंच गाळून इंजेक्शन आणि सलाइन एवढंच ठेवता?

आणि इंजेक्शन तरी कुठे येतं? परवाच्या एका मुलीची हकिकत ऐका. तुमच्याकडे शिकून ती शहरातल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात बारा-बारा तासांच्या ड्यूटीवर लागली. रुग्णाच्या इन्सुलिनचं पेन बिघडलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, सिरिंजनं द्या. तिनं पेनमधल्या काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये इन्सुलिन ओढलं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असतं आणि लाल टोपीची सिरिंज त्याच मापाची. पेनच्या काडतुसात मिलिलिटरला १०० युनिट असतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये काडतुसातलं औषध ओढलं की खुणेवर जेवढं दिसतं त्याच्या अडीचपट अंगात जातं. साखर धाडकन खाली येते, माणूस घामानं भिजतो, बेशुद्ध होतो आणि वेळेवर कळलं नाही तर उठत नाही. तिचा हात धरला तिथल्या म्हाताऱ्या आयाबाईनं. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण एवढ्या वर्षांत कुठल्या टोपीबरोबर काय जातं हे तिनं पाहून ठेवलं होतं.

त्या मुलीच्या भिंतीवर तुमचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. त्यावर ‘प्रथम श्रेणी’ लिहिलं आहे. परीक्षा तुम्हीच घेतली, उत्तरपत्रिका तुम्हीच तपासली, श्रेणी तुम्हीच दिली. ती मुलगी माझ्यासमोर बसून हात चोळत होती आणि एकच विचारत होती, ‘मॅडम, तो गेला असता तर मी जेलात गेले असते का?’ गेली असती. पोलिसांनी तिलाच नेलं असतं. तुमचं नाव त्या रात्रीच्या ड्यूटीच्या वहीत नसतं, साहेब, म्हणून तुम्ही निवांत झोपता.

तुमच्या वर्गात ‘बेड सोअर’ या विषयावर किती वेळ जातो? दोन ओळी फळ्यावर, एवढाच? मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, ती तिथेच अंथरुणाला खिळून होती. दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०११ मध्ये निकाल लागला, देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोष्ट आम्हा परिचारिकांच्या काळजाला भिडली: एवढ्या वर्षांत तिच्या पाठीवर शय्याव्रण होऊ दिलं नव्हतं. ज्यांनी वॉर्ड पाहिला आहे त्यांना कळेल हे काय आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं. माकडहाड, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज डोळ्यांखालून घालणं. चादरीला सुरकुती राहू न देणं. ओलं लगेच कोरडं करणं. पोटात पुरेसं जातंय की नाही यावर लक्ष ठेवणं. पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या मुली आल्या, त्यांनी आधीच्यांकडून हे हातात घेतलं. ही विद्या पुस्तकात अर्ध्या पानाची आहे. हातात उतरायला मात्र रोज दुखणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहावं लागतं आणि मागे कुणीतरी जाणती ‘अगं, टाच बघितलीस का?’ म्हणणारी लागते. तुमच्याकडे दुखणारा माणूसही नाही आणि ती जाणतीही नाही. तुमच्या ‘प्राध्यापिका’ गेल्या वर्षीच्या तुमच्याच विद्यार्थिनी आहेत, हे मला त्यांनीच सांगितलं.

तुम्हाला वॉर्ड उभारता आला नाही, पण समारंभ मात्र हुबेहूब उभारता आला. १२ मेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, तुम्ही मंगल कार्यालय घेता. मुलींना पांढरे गणवेश, डोक्याला टोप्या, हातात मेणबत्त्या. दिवे मालवून शपथ. व्यासपीठावर नगरसेवक, आणि ड्रोननं चित्रीकरण. ती चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरते आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश तिच्यावर होतात. आमच्या मुली ती शपथ घेतात तेव्हा त्यांच्यातल्या कुणाकुणाचे हात थरथरत असतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांना वॉर्डात हजर व्हायचं असतं. तुमच्या मुलींना दुसऱ्या दिवशी कुठे पाठवता? त्या शपथेत रुग्णाला अपाय होऊ देणार नाही असं वचन असतं. ते वचन पाळायचं कसं हे न शिकवता तुम्ही ते अठरा वर्षांच्या पोरींच्या तोंडून वदवून घेता. याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

त्या पांढऱ्या गणवेशावर लोकांचा विश्वास आहे म्हणून तो तुम्हाला विकता येतो. हा विश्वास फुकट आलेला नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या मुली ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या, तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बाईनं परक्या माणसाचं अंग पुसावं ही कल्पनाही समाजाला सोसत नव्हती. विधवा, परित्यक्ता, घरातून हाकललेल्या अशा कितीतरी बायकांनी या कामानं स्वतःला उभं केलं. पुढे केरळातून आलेल्या मुलींनी मुंबई-पुण्याचे वॉर्ड सांभाळले. गावोगावच्या नर्सबाईनं चिखल तुडवत लसी पोहोचवल्या. करोनात पीपीई किटच्या आत घामानं निथळत याच मुली उभ्या होत्या. तुम्ही या सगळ्यांची कमाई तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर लावली आहे, त्यांना न विचारता.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, कारण मी तुम्हाला भेटले होते तेव्हा तुम्ही ते दिलं होतं. ‘मॅडम, खरं कॉलेज यांना परवडत नाही. आम्ही गरिबाच्या पोरीला रोजगार देतो.’ थांबा. हे वाक्य मी सोडणार नाही.

तुमच्याकडे आलेली एक मुलगी ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापाची आहे. तुमची फी भरायला बापानं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. म्हणजे पुढचा हंगामभर तो आणि त्याची बायको थंडीत पहाटे फडात कोयता चालवून तुमचे हप्ते फेडत होते. यालाच परवडणं म्हणता? जिल्ह्याच्या शासकीय परिचर्या प्रशिक्षण केंद्रात याच मुलीला तुमच्यापेक्षा कितीतरी कमी शुल्कात शिकता आलं असतं, मागास प्रवर्गाची शिष्यवृत्तीही लागू झाली असती. जागा थोड्या असतात, चुरस असते, हे खरं. पण तुम्ही तिला ते केंद्र अस्तित्वात आहे हेसुद्धा कळू दिलं नाहीत. उलट सांगितलंत, ‘तिथे सायन्सच लागतं.’ एएनएमला बारावीची कोणतीही शाखा चालते. जीएनएमलाही कला शाखेची मुलगी बसू शकते. विज्ञान बी.एस्सी.ला लागतं. हे तुम्हाला ठाऊक नाही असं मला वाटत नाही. मुलगी कला शाखेची आहे, घरात पहिली बारावी झालेली आहे आणि विचारायला कुणी नाही, हे हेरूनच तुम्ही ते वाक्य वापरता.

आणि रोजगार? छोट्या दवाखान्यांना तुमच्या मुली हव्या असतात, कारण नोंदणीकृत परिचारिकेला द्यावा लागणारा पगार त्यांना द्यायचा नसतो. त्या डॉक्टरांनाही मी हे पत्र दाखवणार आहे. तुमच्या प्रमाणपत्राची किंमत त्यांना पक्की कळते. म्हणूनच ते मुलीला त्या किमतीत ठेवतात. उरलेल्या मुलींना तुम्ही शहरातल्या नर्सिंग ब्यूरोकडे धाडता. पुण्या-मुंबईत मुलं परदेशी असलेले म्हातारे, पक्षाघात झालेले, स्मृती गेलेले, यांच्या घरी चोवीस तास. पहिल्या पगारातून ब्यूरोचा वाटा आणि तुमचाही. नळीनं अन्न देताना माणसाला आडवं ठेवायचं नाही, डोकं वर घ्यायचं आणि नंतरही काही वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न फुप्फुसात जातं. लघवीची पिशवी खाटेच्या वर टांगायची नाही. भ्रमात ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला बांधून ठेवायचं नाही. हे शिकवायला फार वेळ लागत नाही, साहेब. तेवढंही तुम्ही शिकवलं नाहीत. त्या आजोबांची अमेरिकेतली मुलगी तुमच्या मुलीला ‘सिस्टर’ म्हणते आणि तिच्या हाती बाप सोपवते.

रुग्णसेवेतल्या मदतनिसांचे थोडक्या मुदतीचे अभ्यासक्रम असतात, आणि चांगले असतात. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणून अंग पुसणं, भरवणं, उठवणं-बसवणं, ठोके मोजणं शिकवतात. ते स्वच्छ काम आहे, सन्मानाचं काम आहे, देशाला त्याची मोठी गरज आहे. आपली माणसं जास्त जगू लागली आहेत, घरं लहान झाली आहेत, आणि दुखणाईताची निगा राखणारे शिकलेले हात कमी आहेत. तुम्ही पाटीवर ‘रुग्णसेवा मदतनीस’ असं लिहून तेवढंच नीट शिकवलं असतंत, तर मी स्वतः येऊन तुमच्याकडे शिकवलं असतं, एक पैसा न घेता. पण मदतनीस म्हटलं की एवढी फी मागता येत नाही. म्हणून तुम्ही ‘नर्स’ विकता.

आता तुमच्या पत्रकावर नवी ओळ आली आहे: ‘जर्मनीत नोकरीची हमी’. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि तुमचा छापखाना लगेच सुरू झाला. तिथे परिचारिका म्हणून उभं राहायला आधी इथलं मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी लागते, वर जर्मन भाषा चांगली बोलता यावी लागते, मग तिथली मान्यता प्रक्रिया. तुमचा सहा महिन्यांचा कागद जर्मन दूतावासात कोण वाचेल? पण ती ओळ वाचून एका आईनं गळ्यातलं डोरलं मोडलं, हे मला ठाऊक आहे. ती माझ्याकडे आली होती.

शेवटी ही फसवणूक उघडी कुठे पडते, तेही तुम्हाला माहीत आहे. २०२३ मध्ये जिल्हा परिषदांनी १९,४६० पदांची भरती काढली, त्यात आरोग्यसेविकांची पदं होती. तुमच्या मुली नेट कॅफेत अर्ज भरायला बसल्या. नाव, जात, जन्मतारीख, शिक्षण, सगळं भरलं. मग एक चौकोन आला: परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. त्यांनी तुमच्या प्रमाणपत्रावरचे सगळे आकडे एकेक करून घालून पाहिले. आयएसओचा पाहिला, संस्थेच्या नोंदणीचा पाहिला, तुमचा स्वतःचा ‘हजेरी क्रमांक’ही पाहिला. कुठलाच चालला नाही. एका मुलीनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘तो ऑप्शनल असेल, सोडून दे.’ परिषदेची नोंदणी ऐच्छिक! १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे, त्याच्याही आधीपासून १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद अधिनियम आहे, आता २०२३ मध्ये संसदेनं परिचर्या व प्रसाविकांसाठी नवा राष्ट्रीय आयोग करणारा कायदा केला आहे. हे सगळे कायदे ज्या एका चौकोनासाठी आहेत, तो तुम्ही फोनवर खोडून टाकलात.

सरकारलाही मी मोकळं सोडत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरून तुमची रिक्षा भोंगा वाजवत जाते आणि कुणी विचारत नाही. शासकीय केंद्रांत जागा वाढत नाहीत, पाठ्यनिर्देशिकांची पदं रिकामी राहतात, रुग्णालयांत एकेका परिचारिकेच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो. या टंचाईतच तुमचं दुकान उभं आहे. पण टंचाई तुम्ही केली नाही, एवढ्यावर तुमची सुटका होत नाही. दुष्काळात पाणी विकणाऱ्याकडून निदान पाणी तरी मिळतं.

आता कामाचं बोलते.

तुमच्या कपाटात मुलींची मूळ कागदपत्रं आहेत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, काहींची जातवैधता प्रमाणपत्रंसुद्धा. प्रवेशाच्या वेळी ‘पडताळणीसाठी’ म्हणून घेतलीत आणि आता पूर्ण फी भरल्याशिवाय देत नाही म्हणता. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच बजावलं आहे की, खऱ्याखुऱ्या महाविद्यालयांनीसुद्धा विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत. तुम्ही तर महाविद्यालयही नाही. तुम्हाला ती ठेवायचा अधिकार कुणी दिला? तुमच्या त्या कपाटामुळे या मुलींना शासकीय केंद्राचा अर्जही भरता येत नाही. पैसे नेलेत, वर्ष नेलंत, आणि पुढच्या वर्षाची वाटही कुलपात घातलीत.

तर येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मुली आणि त्यांचे पालक तुमच्याकडे येतील. मी बरोबर असेन. प्रत्येकीच्या कागदांची यादी तयार आहे, तुमच्या शिक्क्याच्या पावत्यांसह. कागद तिथल्या तिथे हातात द्यायचे, पोचपावतीवर सही घेऊन. फीच्या परताव्याचं लेखी द्यायचं, तारखेसह. आणि त्याच दिवशी पाटीवरून ‘नर्सिंग’ हा शब्द उतरवायचा.

यातलं काही झालं नाही, तर आम्ही तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊ. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. फसवून पैसे किंवा मालमत्ता काढून घेतली तर त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. एक प्रत परिचर्या परिषदेला, एक शिक्षण मंडळाला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना जाईल. ती पाकिटं पत्ते लिहून तयार आहेत. त्या मुलींपैकी ज्यांना पुन्हा शिकायचं आहे त्यांचे एएनएमचे अर्ज मी माझ्या घरच्या टेबलावर बसून भरून घेते आहे. इंग्रजीची तयारी रोज संध्याकाळी चालू आहे. फक्त मूळ गुणपत्रिका हव्या आहेत. कपाटाची किल्ली सोमवारी जवळ ठेवा.

आपली,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका